खाडाखोड

मंगळवारी दुपारी दीपमालानं लॅपटॉप उघडला आणि बघते तर घराचा हिशेब तीन वर्षं मागं गेलेला. शेवटची नोंद नऊ एप्रिल दोन हजार बावीसची, आणि त्यानंतर नुसत्या कोऱ्या ओळी. तिनं प्रोग्रॅम बंद केला, पुन्हा उघडला, चष्मा पदरानं पुसून तारीख पुन्हा वाचली. मग सांगलीला मुलाला फोन लावला. इंद्रजित ऑफिसात होता, मागं कुणीतरी हसत होतं. तिनं सांगितलेलं त्यानं अर्धंच ऐकलं असावं. "तूच काहीतरी दाबलं असशील, आई," तो म्हणाला, आणि अगदी मायेनं म्हणाला. "असू दे. पुढच्या वेळी आलो की हे सगळं माझ्याकडंच घेतो. तुला कशाला उगाच ताप?" फोन स्पीकरवर होता. समोरच्या खुर्चीत जोतीराम पेपर वाचत बसला होता. तिचा नवरा, फौजेतनं सुभेदार म्हणून निवृत्त झालेला. त्यानं पेपर खाली न घेताच सांगितलं, "पोरगा म्हणतोय ते बराबर हाय. जाऊ दे गं. आता ह्या वयात कशाला पायजे?" तिनं फोन ठेवला, लॅपटॉप मिटला आणि स्वयंपाकघरात जाऊन निवडून ठेवलेली मेथी पुन्हा एकदा निवडली.

दाबलं असेल का? तिला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की हा प्रश्न तिच्या मनात आधी उमटला आणि राग नंतर आला. तीस वर्षं हे असंच चालत आलेलं होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी जालंधरच्या क्वार्टरमध्ये टेपरेकॉर्डर बंद पडला होता, तेव्हा जोतीराम म्हणाला होता, "काय केलंस ह्याला?" तिनं काहीच केलं नव्हतं, फडक्यानं पुसला होता फक्त. पण त्या दिवसापासून ती टेपरेकॉर्डर पुसायला भ्यायची, आणि धूळ बसून तो खरंच बिघडला, तेव्हा तिला आपण गुन्हेगार असल्यासारखं वाटलं होतं. मिक्सर, गिझर, टीव्हीचा रिमोट, मोबाईल. गोडोलीच्या ह्या घरात जे जे बंद पडलं, त्याच्यापाशी शेवटचं कोण होतं, तर ती. साहजिकच होतं, दिवसभर घरात तीच असायची. फक्त हा हिशेब असा होता की त्याला तिच्याशिवाय कुणी हात लावला नव्हता. नवरा सीमेवर असताना तिनं तो वह्यांत लिहिला, सतरा वह्या. मग इंद्रजित सांगलीला इंजिनिअरिंगला गेला, तिथनं एका दिवाळीत येताना हा फुकटातला प्रोग्रॅम घेऊन आला, आणि चार दिवस शेजारी बसून त्यानं तिला तो शिकवला. तेव्हा किती सबुरीनं शिकवलं होतं त्यानं. "आई, माऊस एवढा घट्ट नको धरू, तो काय पळून जात नाही." त्या चार दिवसांच्या जोरावर तिनं अकरा वर्षं काढली. दोन-तीन दिवसांआड, दुपारी चारची वेळ, चहाचा कप, पाच-सहा नोंदी. आणि आता तोच मुलगा ते माझ्याकडं घेतो म्हणत होता, आणि कुणाला त्यात काही वाईट दिसत नव्हतं.

खरं म्हणजे आकड्यांचं तिला एवढं नव्हतं. दुधाला किती आणि गॅसला किती गेले ते बुडाले म्हणून कुणी मरत नाही. पण प्रत्येक नोंदीशेजारी तपशिलाचा एक रकाना होता, आणि त्या रकान्यात ती लिहायची, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. पहिल्यांदा नुसतं 'भाजी' लिहायची. मग 'भाजी, पालक कोवळा'. मग कधीतरी 'भाजी, येताना शाळेतली चंद्राबाई भेटली, ओळखू येईना'. दोन वर्षांपूर्वी तिची आई, राहीबाई, कोरेगावाहून शेवटचे पाच महिने तिच्याकडं येऊन राहिली, तेव्हा औषधांच्या नोंदींशेजारी तो रकाना भरून वाहायला लागला होता. 'गोळ्या. आईनं आज अर्धी भाकरी खाल्ली.' 'शहाळं. आई म्हणाली, हे पाणी कोण पितंय, मला ताक दे.' 'डायपर. आई आज मला अक्का म्हणाली, तिच्या बहिणीला म्हणायची तसं.' दुसरीकडं कुठं हे लिहिलेलं नव्हतं. डायरी लिहिणारी बाई ती नव्हती. खर्च लिहिताना हात लिहिता होता म्हणून लिहिलं गेलं. मेथी निवडता निवडता ते तिच्या ध्यानात आलं, आणि ती तिथल्या तिथं खाली बसली. आई गेली त्या दिवशीही ती अशी बसली नव्हती. त्या दिवशी माणसं होती, करायला कामं होती.

बुधवारी दुपारी जोतीराम चार भिंतीच्या टेकडीकडं फिरायला गेल्यावर तिनं लॅपटॉप पुन्हा उघडला. ह्या वेळी प्रोग्रॅम उघडला नाही. ज्या कप्प्यात हिशेबाची फाईल असते तो कप्पाच उघडला, इंद्रजितनं एकदा दाखवला होता तो. वर तिच्या नावाची एक मोठी फाईल, आणि तिच्याखाली तेच नाव आणि पुढं लांबलचक आकडे असलेल्या शेकडो बारक्या बारक्या फायली. ह्या फायली तिनं पूर्वीही बघितल्या होत्या. 'हा लॉग आहे, कचरा, अधूनमधून उडवून टाकत जा,' असं त्यानं सांगितलेलं होतं, आणि तिनं एकही उडवली नव्हती. उडवायची तिला भीती वाटायची हे एक. आणि दुसरं म्हणजे, आपल्याच नावाचं काहीतरी न बघता टाकून द्यायचं तिच्या जिवावर यायचं. तिनं आकडे नीट वाचले. दोन शून्य दोन तीन, मग एक एक, मग एक चार. तेवीस साल, नोव्हेंबर महिना, चौदा तारीख. त्यापुढं वेळ, सोळा शून्य सात. दुपारचे चार वाजून सात मिनिटं. तिचीच वेळ. ती खाली खाली जात राहिली. चार वाजून अकरा. तीन अठ्ठावन्न. चार दोन. ती बसली होती ती प्रत्येक दुपार तिथं होती. आपण इथं बसत होतो हे कुणीतरी बघितलेलं आहे, नुसतं बघितलेलं नाही, लिहूनही ठेवलेलं आहे, असं तिला वाटलं आणि अंगावरनं एक शहारा गेला. भीतीचा होता की कसला, ते तिला सांगता आलं नसतं.

एक फाईल तिनं उघडली. आत इंग्रजी अक्षरं, आकडे, मधेच तिची मराठी. प्रत्येक ओळ एका अक्षरानं सुरू होत होती, बी नाहीतर सी, क्वचित डी. ती बारावीपर्यंत शिकलेली होती, इंग्रजीत काठावर पास. प्रोग्रॅमच्या मदतीच्या पानावर लॉगबद्दल दीड पान मजकूर होता, तो तिनं तीन दुपारी वाचला. शब्द अडला की मोबाईलवर अर्थ बघायचा आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं लिहायचा. अर्थ कळला तरी वाक्य कळायचं नाही, मग तेच वाक्य पुन्हा. जोतीराम विचारायचा, "चहा हाय का आज?" ती म्हणायची, "आवं, पाच मिनिटं." आणि पाच मिनिटांचा तास व्हायचा. शनिवारी तिला ते एकदम उलगडलं. बी म्हणजे बदलायच्या आधीचं. सी म्हणजे बदल कायम केल्यावरचं. डी म्हणजे काढून टाकलेलं. ह्या प्रोग्रॅममध्ये तुम्ही काहीही खोडा, आधी काय होतं आणि मग काय केलं, दोन्ही खाली लिहून ठेवलं जातं. आणि मोठी फाईल जरी बुडाली, तरी ह्या बारक्या फायली तारखेच्या क्रमानं पुन्हा चालवल्या तर सगळं परत उभं राहतं. शेवटचं वाक्य तिनं चार वेळा वाचलं. मग ती उठली, गॅलरीत गेली. समोर अजिंक्यतारा किल्ल्यावर ऊन होतं. शेजारची सोनिया दोरीवर कपडे वाळत घालत होती. दीपमालाला तिला हाक मारून काहीतरी सांगावंसं वाटलं, पण सांगणार काय, आणि कुठनं सुरुवात करणार? ती नुसती हसली. सोनियाही हसली.

पण लगेच फायली चालवायला तिनं घेतल्या नाहीत. आधी तिला एक गोष्ट बघायची होती. तिनं तीन वर्षांचे सगळे लॉग एकाखाली एक चिकटवले, एकच लांब फाईल केली, आणि तिच्यात डी शोधले. तीन वर्षं जर तिच्या हातानं गेली असतील, तर डी-डी-डी अशी रांगच्या रांग लागली पाहिजे होती. दीपमाला खुर्चीत ताठ बसली होती, आणि स्वतःवरचा पुरावा शोधत होती. तीन वर्षांत डी होते सात. सातही तिला आठवले. आईच्या गोळ्या दोनदा लिहिल्या होत्या तो एक. जोतीरामनं परत करून आणलेले बूट. स्वतःला घेतलेली साडी, 'दीपमाला' ह्या खात्यातनं काढून 'घरखर्च'मध्ये टाकलेली. ते तिनं का केलं होतं ते आता तिचं तिलाच कळेना, ती साडी काय घरानं नेसली होती? सात डी, सात दुपारी, आणि एकही गेल्या आठवड्यातला नाही. शेवटचा तिचा लॉग मागच्या शनिवारचा होता. त्याच्यानंतर, मंगळवारी तिनंच उघडल्याचे सोडले तर, एकच, रविवारचा, सकाळी अकरा चाळीसचा, आणि तो रिकामा होता. कुणीतरी नुसतं उघडून बघितलं होतं. आणि मोठ्या फाईलवर, तिच्या हिशेबाच्या फाईलवर, तारीख होती नऊ एप्रिल बावीस. फाईलमधलं काहीही पुसलं गेलेलं नव्हतं. नवी वही उचलून तिच्या जागी कुणीतरी तीन वर्षांपूर्वीची जुनी वही ठेवून गेलं होतं. रविवारी अकरा चाळीसला ती गॅसपाशी उभी राहून पुरण वाटत होती, कारण इंद्रजित आला होता. तो लॅपटॉप साफ करून देतो म्हणून बाहेर बसला होता. त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक जुना पेनड्राइव्ह असायचा, तिच्या हिशेबाची नक्कल ठेवलेला.

मी नव्हते. हे दोन शब्द तिनं तोंडानं उच्चारले, मोठ्यानं, रिकाम्या घरात. मुलाचा राग यायला पाहिजे होता, आणि तो आलाही, पण त्याच्याहून मोठं काहीतरी छातीत भरून आलं होतं, आणि त्याला काय म्हणायचं हे ती शोधत राहिली. लहानपणी कोरेगावच्या विहिरीत पहिल्यांदा पोहून काठाला लागल्यावर असंच वाटलं होतं. पाणी खाली आहे आणि आपण वर आहोत, एवढंच. दम लागलाय तरी हसू येतंय.

सोमवारपासून तिनं फायली चालवायला घेतल्या. आधी सगळा कप्पा उचलून दुसरीकडं त्याची नक्कल केली, कारण मदतीच्या पानावर तसं म्हटलं होतं आणि पटलंही होतं. मग एक एक फाईल. चारशे एकतीस होत्या. पहिल्या दिवशी साठ झाल्या आणि मग तिच्या लक्षात आलं की जूनमधली एक दोनदा चालली, सगळ्या नोंदी दुहेरी. पूर्वीची दीपमाला इथं लॅपटॉप मिटून मेथी निवडायला गेली असती. तिनं नक्कल घेतली आणि पहिल्यापासून सुरुवात केली, ह्या वेळी कॅलेंडरवर प्रत्येक फाईलपुढं टिंब देत. कोऱ्या ओळी भरत चालल्या. बावीसचा पाऊस आला, गणपती आले, इंद्रजितच्या लग्नाची धावपळ आली, 'मांडव', 'वाजंत्री', 'समीक्षाची पैंजणं, तिलाच पसंत करू दिली'. मग तेवीसचा उन्हाळा, आणि मग एका दुपारी, एकशे ब्याऐंशी नंबरची फाईल चालवल्यावर, पडद्यावर आलं: 'रिक्षा, स्टँडवरनं. आईला घेऊन आले.' ती थांबली. पुढच्या फायलींत आई काय काय बोलणार आहे हे तिला माहीत होतं, आणि आई कोणत्या फाईलशी थांबणार हेही माहीत होतं, आणि ती फाईल चालवायची की नाही हे आज तिच्या हातात होतं. तेव्हा काहीच हातात नव्हतं. तिनं ती चालवली. क्रमानं, एकही न गाळता, टिंब देत. शेवटच्या नोंदी आल्या तेव्हा ती रडली, पण हात थांबला नाही. ह्याचा तिला नंतर फार अभिमान वाटला, उलगडा झाल्याच्या अभिमानाहूनही जास्त.

त्या आठ दिवसांत आणखी एक गोष्ट घडली. बी आणि सी वाचता वाचता तिला आपण खोडलेली वाक्यं भेटायला लागली. तपशिलाच्या रकान्यात आधी काहीतरी लिहिलेलं असायचं, आणि दोन-तीन मिनिटांनी ते काढून 'किरकोळ' केलेलं. जावेचा एक टोमणा. जोतीराम जेवणावरनं उठून गेला ती रात्र. 'मला आज कुणाशी बोलावंसं वाटत नाही.' ह्याचं 'साबण, दोन वड्या'. पहिल्यांदा तिला लाज वाटली, आपल्याच घराच्या खिडकीतनं आपण आत बघतोय अशी. मग तिला ती बाई आवडायला लागली. जी चारला बसत होती, खरं लिहीत होती, मग घाबरून पुसत होती, आणि दोन दिवसांनी पुन्हा बसत होती. तिनं माघार घेतलेली होती, पण बसायचं सोडलं नव्हतं. शेवटची फाईल चालली तेव्हा सव्वापाच वाजले होते. जोतीराम दारात चपला काढत होता. तिनं त्याला बोलावलं आणि पडदा दाखवला. त्यानं वाकून बघितलं, खालीवर केलं, तारखा वाचल्या. "आलं सगळं?" "आलं." "कुणी केलं?" "मीच की आवं." मग त्यानं कॅलेंडर उचललं, पाठीमागची चारशे एकतीस टिंबं बघितली, आणि फौजी माणूस परेडची रांग बघतो तशी एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत बघितली. "लय झ्याक," तो म्हणाला. "आमच्या बटालियनच्या क्लार्कला जमलं नसतं." आणि त्या दिवशी चहा त्यानं केला. साखर जास्त झाली होती. तिनं तो सगळा प्यायला.

शनिवारी ते दोघं सांगलीला गेले, सकाळच्या गाडीनं. लॅपटॉप तिच्या मांडीवर होता, कराडला डबा गच्च भरला तरी तिनं तो वर ठेवू दिला नाही. इंद्रजितला काय सांगायचं ह्याची वाक्यं ती जुळवत होती, कडक वाक्यं, आणि प्रत्येक स्टेशनाला त्यातलं एखादं गळत होतं. विश्रामबागेत त्याच्या फ्लॅटवर जेवणं झाली. समीक्षानं, सुनेनं, भरली वांगी केली होती. हात धुवून इंद्रजित म्हणाला, "बरं, काढ तो लॅपटॉप. घेतो आता माझ्याकडं." तिनं तो टेबलावर ठेवून उघडला आणि बाजूला सरकली. तो बघायला लागला. वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. "हे कुणाकडनं करून घेतलंस?" तिच्या आधी जोतीरामच बोलला. "कुणाकडनं न्हाई. तिनं केलंय. आठ दिस माझ्या चहाचं हाल झालं." "अहो पण कसं?" समीक्षानं विचारलं. मग दीपमालानं सांगितलं. बी म्हणजे काय, सी म्हणजे काय, डी सातच कसे, शनिवारचा लॉग कुठला आणि रविवारचा रिकामा कुठला. सांगताना तिचा आवाज चढला नाही. गाडीत जुळवलेलं एकही वाक्य तिला लागलं नाही, लॉगमध्ये होतं तेवढंच पुरलं. मोठ्या फाईलची बावीसची तारीख तिनं बोटानं दाखवली, तेव्हा इंद्रजितनं नकळत खिशातल्या किल्ल्या चाचपल्या. त्याचे कान लाल झाले, लहानपणी व्हायचे तसे. "मला वाटलं हीच नवी कॉपी आहे," तो म्हणाला. मग, थोड्या वेळानं, "माझ्याकडनं झालं, आई. आणि मी तुलाच..." तिनं ते पुरं करून दिलं नाही. तो थांबला होता तिथंच तिनं त्याला थोडा वेळ राहू दिलं. पूर्वी ती लगेच म्हणाली असती, असू दे रे, होतं. आज म्हणाली नाही.

मग तो ती लांब फाईल खाली खाली सरकवत राहिला, आणि एका ठिकाणी त्याचं बोट अडलं. हे घडेल असं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती पुढं वाकली. नोव्हेंबर तेवीस. बीची ओळ: 'इंद्रला तीनदा फोन केला, उचलला नाही. आईनं त्याला बघायचं म्हटलं होतं. रिचार्ज.' आणि तिच्याखाली, दोन मिनिटांनंतरची, सीची ओळ: 'रिचार्ज.' समीक्षा भांडी उचलता उचलता थांबली. लॅपटॉप ओढून घ्यावा असं दीपमालाच्या हातांना वाटलं, आणि तिनं हात मांडीवर ठेवले.

"हे खोडलंस का?" त्यानं पडद्याकडं बघतच विचारलं.

"खर्च न्हवता तो," ती म्हणाली.

जोतीराम खिडकीबाहेर बघत होता. इंद्रजितनं खुर्ची जरा सरकवली, शेजारी एका माणसाला बसता येईल एवढी, आणि दीपमाला जाऊन तिथं बसली. "माझं नाव आणखी कुठं आहे का ह्यात?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "शोधायची सोय हाय. नाव मराठीत टाक." त्यानं टाकलं. पहिली ओळ आली. त्यानं ती वाचली, आणि हात डोळ्यांवर धरून तसाच बसून राहिला. दीपमाला ताठ बसली होती. तिनं त्याला पाणी दिलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. तो हात काढेपर्यंत वाट बघितली, आणि मग पडद्याकडं बोट केलं.

"खाली जा," ती म्हणाली. "अजून हाय."